दोन झुरके, बत्तीस वॉट

...आणि विचारतेय कुणाला, तर मला. 'सो हनी, वॉट्स ऑर व्होल्ट्स?' अहो, मी चंद्रशेखर, वय वर्षं एकोणसत्तर, पस्तीस वर्षं इथल्या वीज कंपनीत सबस्टेशनं डिझाइन करण्यात घालवली, ह्या नेपरव्हिलमधल्या निदान चार रस्त्यांवरचे दिवे माझ्या सहीनं लागले असतील, आणि मी त्या काउंटरपाशी बावळटासारखा उभा. प्रश्न काय होता? वॉट की व्होल्ट. बस.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी बॅटरी आणायला गेलो होतो. दुकान होतं व्हेपचं. म्हणजे ते विजेवरचं यंत्र असतं ना सिगारेटऐवजी, पेनापेक्षा जाड, टॉर्चपेक्षा बारीक, वर एक टाकी, टाकीत कफ सिरपसारखं लिक्विड, आत एक तारेची कॉइल, बटण दाबलं की कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते, ती ओढायची आणि सोडायची. आता ह्या वयात मी असल्या दुकानात कशाला गेलो? तर उर्वीमुळे. उर्वी माझी मुलगी. इथंच जन्मली, इथंच वाढली, हॉस्पिटलात नर्स आहे आणि तीही कुठल्या वॉर्डात, तर फुप्फुसांच्या. जूनमध्ये तिला बाळ होणार. तर जानेवारीत एका रविवारी घरी आली, पोटावर हात ठेवून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, आय लव्ह यू, पण यू स्मेल लाइक अॅन अॅशट्रे. बाळ आल्यावर असं नाही घ्यायचं त्याला."

कराडला कॉलेजात असताना लागलेली सिगारेट, अठ्ठेचाळीस वर्षं झाली. लग्नाच्या आधीपासूनची, म्हणजे एका अर्थी शोभनापेक्षा सीनियर. शोभना माझी बायको. तिनं एक्याऐंशी साली घराबाहेर काढलं मला सिगारेटसकट, तेव्हापासून गॅरेजमध्ये. इथल्या थंडीत, उणे दहा फॅरनहाइटला, कानटोपी, दोन स्वेटर, वर शाल आणि एका हाताचा मोजा काढलेला, असा मी चाळीस वर्षं उभा आहे. च्युइंगगम करून झालं. दातातली कॅप निघाली. पट्टी लावून झाली, ती पट्टी बर्फ उपसताना घामानं सुटली आणि शर्टाला चिकटली, चार दिवस शर्टाला निकोटिन मिळत होतं, मला नाही. मग उर्वीच माझ्या डॉक्टरांशी बोलली, आणि असं ठरलं की हे यंत्र घ्यायचं, लिक्विडमधलं निकोटिन महिन्यामहिन्यानं कमी करत आणायचं आणि बाळ यायच्या आत यंत्रही बंद. शिडी म्हणून वापरायचं, बाबा, घर म्हणून नाही, असं तिनं बजावलं.

म्हणून गेलो. काउंटरवर ट्रेसी नावाची बाई, पन्नाशी उलटलेली, पांढरी वेणी, गळ्यात चष्मा, दोन्ही हात गोंदलेले. अगदी प्रेमळ. तिनं यंत्र काढलं, बटण तीनदा दाबलं, छोटा पडदा उजळला, आणि मग विचारलं ते. म्हणाली, ह्यात दोन पद्धती आहेत. वॉट्स लावलेस तर तू फक्त वॉट सांगायचे, सोळा म्हण, वीस म्हण, यंत्र आपलं आपण कॉइल तपासतं आणि लागतील तेवढे व्होल्ट देतं. व्होल्ट्स लावलेस तर व्होल्ट तू ठरवायचे, पुढचं कॉइल बघून घेईल. आणि मग म्हणाली, "हनी, जस्ट लीव्ह इट ऑन वॉट्स. एव्हरीबडी डज."

आता हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. एव्हरीबडी डज. अहो, एव्हरीबडी पस्तीस वर्षं सबस्टेशनं बांधत होते का? मी तिला म्हटलं, बाई, विजेचा काही धर्म असतो. घरात कंपनी व्होल्ट देते. एकशेवीस म्हणजे एकशेवीस. मग बल्बनं आपले साठ घ्यावे, टोस्टरनं आपले हजार घ्यावे, ज्याची त्याची भूक. वॉट हे उत्तर आहे, ते आधी सांगून कसं चालेल? पेपर फुटल्यासारखं आहे ते. आणि सगळं जर ह्या डबीनंच ठरवायचं, तर मी काय करायचं, नुसतं ओढायचं? ट्रेसीनं चष्मा लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वेल... येस."

मी व्होल्ट लावून घरी आलो.

आणि तुम्हाला सांगतो, छान चाललं हो. एक ओमची कॉइल, ओम म्हणजे तारेचा अडथळा, त्यावर चार व्होल्ट, म्हणजे चारचा वर्ग सोळा भागिले एक, सोळा वॉट. सुरेख, मऊ वाफ. मी वहीत तक्ता केला. गॅरेजमध्ये वीज मोजायचा जुना मल्टिमीटर होता तो काढला. शोभना दारात येऊन बघून गेली आणि म्हणाली, "अहो, सिगारेट बरी होती, निदान पाच मिनिटांत आत यायचात." पण खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता, कारण पंधरा दिवसांत माझ्या कोटाला वास येईनासा झाला. उर्वीला फोनवर मी आकडे सांगायचो. ती म्हणायची, "बाबा, इट्स नॉट अ सबस्टेशन. वॉट्सवर ठेव ना." की परत माझं सुरू. लेकीनं विचारलं तरी तेच, वॉट की व्होल्ट, दुकानदारानं विचारलं तरी तेच, आणि उत्तरही एकच. व्होल्ट.

आता पाडव्याचा कार्यक्रम. आमच्या इथल्या मराठी मंडळाचा. मंडळाला स्वतःचा हॉल नाही, इथल्या एका हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्यानं घेतो. त्या कार्यक्रमात शोभनाचं गाणं होतं. हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण शोभना स्टेजवर गायली त्याला बावीस वर्षं झाली होती. उर्वी शाळेत होती तेव्हा शोभना एकदा गाताना मध्येच शब्द विसरली, तेव्हापासून नाहीच. स्वयंपाकघरात गायची, गाडीत गायची, माणसं दिसली की बंद. ह्या वर्षी आमच्या मंडळाचे अध्यक्ष राजीव, त्यांनी तिच्या मागे लागून लागून हो म्हणवलं. दोन महिने रियाज. आणि आदल्या दिवशी मला म्हणाली, "एकच करा. दुसऱ्या रांगेत डावीकडे बसा आणि समेवर मान हलवा. तुमची मान हलली की मला धीर येतो."

आता ह्यात एक भानगड आहे, ती तिला माहीत नाही. मला सम कळत नाही. चव्वेचाळीस वर्षांत कळली नाही. मी तबलजीच्या मानेकडे बघतो. त्याची हलली की माझी हलते. पण तिला धीर येतो ना, मग झालं तर.

त्या दिवशी सकाळी नेमकी कॉइल जळकट लागायला लागली. पंधरा दिवसांनी बदलावीच लागते. गेलो ट्रेसीकडे. म्हणाली, तुझ्या एक ओमच्या संपल्यात, अर्ध्या ओमची देते, बसेल ह्यालाच. वर म्हणाली, "वॉट्सवर असशील तर काहीच करायला नको." मी म्हटलं, येस येस. म्हटलं आणि निघालो, कारण साडेतीनला हॉलवर पोचायचं होतं आणि गाडीत शोभना तंबोऱ्याचं अॅप लावून डोळे मिटून बसली होती. कॉइल मी पार्किंग लॉटमध्ये बसवली.

कार्यक्रम सुरू. राजीवचं भाषण, मग लहान मुलांचा नाच, मग कुणीतरी राजीवच्या भाषणाचे आभार मानले. शोभनाचा नंबर पुढचा. मी दुसऱ्या रांगेत डावीकडे. शेजारी उर्वी, पोटावर कार्यक्रमपत्रिका ठेवून. आणि तुम्हाला सांगतो, मला घाम फुटला. गाणार ती, घाम मला. बावीस वर्षांपूर्वीचा तिचा तो मध्येच थांबलेला आवाज आठवला. उर्वीला म्हटलं, आलोच दोन मिनिटांत. बाथरूममध्ये गेलो. शेवटच्या खणात शिरलो, कडी लावली आणि यंत्र काढलं. चार व्होल्ट. नेहमीचेच. दोन झुरके आणि परत, असा हिशेब.

आता करा गणित. चारचा वर्ग सोळा. भागिले अर्धा. किती? बत्तीस! एका तारेत बत्तीस वॉट, नेहमीच्या दुप्पट, आणि मी तो घेतला छाती भरून. पहिल्या झुरक्याला ठसका, म्हणून घसा मोकळा करायला दुसरा. मग जे धुकं झालं, अहो, मला माझे बूट दिसेनात. नुसता जळक्या आंब्याचा वास. मी कार्यक्रमपत्रिकेनं वारा घालतोय, खोकतोय, डोळ्यांतून पाणी. आणि मला काय माहीत, हल्ली हायस्कूलच्या बाथरूममध्ये छताला एक पांढरी डबी असते, ती धूर नाही, व्हेप हुंगते. वाजत नाही, बिजत नाही. गुपचूप सिक्युरिटीच्या फोनवर निरोप धाडते.

दोन मिनिटांत दार धाडकन उघडलं. बाहेरून आवाज, "ऑल राइट बडी, गेम ओव्हर. बाहेर ये." मला वाटलं, शेजारच्या खणात कुणीतरी आहे. मी म्हटलं, बिचारा. तेवढ्यात माझ्याच दारावर टकटक. "यू. इन देअर. बॅग अँड हँड्स व्हेअर आय कॅन सी देम."

मी कडी काढली. समोर साडेसहा फुटी माणूस, छातीवर नाव, कोवाल्स्की. त्याला अपेक्षित होता सोळा वर्षांचा कार्टा. धुक्यातून बाहेर आलो मी. सिल्कचा कुर्ता, जाकीट, कपाळाला गंध, हातात यंत्र, डोळे लाल. तो माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "सर... आर यू अ स्टूडंट हिअर?"

मला वाटतं तो सवयीनं म्हणाला. पण नियम म्हणजे नियम, हॉलच्या करारात लिहिलंय, डबीनं निरोप धाडला की फॉर्म भरावाच लागतो. नेलं मला ऑफिसात. मी म्हणतोय, अहो, बायकोचं गाणं आहे. तो म्हणतोय, पाच मिनिटं. बसवलं खुर्चीत, कॉम्प्युटर उघडला. नाव सांगितलं. स्पेलिंगला तीन मिनिटं गेली. मग विचारतो, इयत्ता? मी म्हटलं, रिटायर्ड. ते कॉम्प्युटर घेईना. नववी ते बारावी, एवढेच पर्याय, आणि भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. कोवाल्स्कीनं डोकं खाजवलं. इथं बारावीच्या पोराला सीनियर म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. तर तो म्हणाला, "यू आर अ सीनियर, राइट?" आता ह्याला मी नाही कसं म्हणणार?

मग त्यानं माझं यंत्र उचललं, पडदा बघितला आणि भुवया चढवल्या. म्हणाला, अर्ध्या ओमची कॉइल आणि व्होल्ट्सवर? व्होल्ट्सवर कोण ठेवतं? तर तो स्वतःच सांगायला लागला, की तोही दिवसाला दोन पाकिटं ओढायचा, मुलगी झाली तेव्हा ह्याच शिडीनं उतरला, सहा वर्षं झाली. "वॉट्सवर ठेवा सर," म्हणाला, "आणि विसरून जा. विचार जितका कमी, तितकं सुटायला सोपं." म्हणजे बघा, वॉट की व्होल्ट, ह्या प्रश्नाचं उत्तर मला कुणी दिलं, तर ज्यानं मला पकडलं त्यानं.

आणि तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतीवर सोळा छोटे चौकोन. सगळ्या शाळेचे कॅमेरे. रिकामे जिने, रिकामी व्यायामशाळा, आणि एका चौकोनात स्टेज. स्टेजवर हिरव्या इरकलीत शोभना. सुरू झालं होतं. आवाज नाही, नुसतं चित्र, पोस्टाच्या तिकिटाएवढं. ती तोंड उघडतेय, हात जरासा वर जातोय, आणि दर ओळीला तिची मान डावीकडे वळतेय. दुसऱ्या रांगेकडे. तिथं एक खुर्ची रिकामी. मला ती रिकामी खुर्चीसुद्धा दिसत होती हो त्या तिकिटात.

मी काय केलं असेल? त्याच चित्रात तिच्या शेजारचा तबलजी बघितला. आमचा अर्णव, दाताचा डॉक्टर आहे, सुंदर वाजवतो. त्याची मान हलली, मी हलवली. परत हलली, परत हलवली. तिथं ऑफिसात बसून, मुक्या चित्राला. कोवाल्स्कीनं टायपिंग थांबवलं. म्हणाला, "ती तुमची वाइफ?" म्हटलं, हो. म्हणाला, मान का हलवताय? आता सम इंग्रजीत कशी सांगायची? मी म्हटलं, गाणं फिरून फिरून एका ठिकाणी परत येतं, तिथं मी तिला खूण करतो की तू पोचलीस, ठीक आहे. बावीस वर्षांनी गातेय ती. त्यानं एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला, "चला. फॉर्म नंतर."

आम्ही दोघं त्या लांबलचक कॉरिडॉरमधून पळालो. म्हणजे तो चालला आणि मी पळालो. बाजूच्या दारातून आत शिरलो तर शेवटचं कडवं चाललेलं. आवाज थोडा घाबरलेला होता, पण सुटलेला नव्हता. मी दाराशीच उभा राहिलो आणि अर्णवकडे बघून जोरात मान हलवली. कोवाल्स्की माझ्याशेजारी, त्यानंही हलवली. शोभनाला आम्ही दिसलो. एक लहानसा, साडेपाच फुटी, गंध लावलेला आणि एक पोलिसासारखा, दोघं माना हलवताहेत. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही, पण पुढची तान जी सुटली, राजीव खुर्चीवरून उठून उभे राहिले. शब्दबिब्द कुठं अडले नाहीत. टाळ्या थांबेनात. मी डोळे पुसले. धूर लागला होता, असं म्हणालो.

मग पुढचं सगळं आलंच. फॉर्मला पालकाची सही हवी. उर्वीला बोलावलं. ती सात महिन्यांचं पोट सांभाळत ऑफिसात आली, कोवाल्स्कीनं तिला पाणी दिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मॅम, वुई नीड टू टॉक अबाउट युवर फादर." नातं काय, ह्या रकान्यात मुलगी हा पर्यायच नाही. आई, बाप किंवा लीगल गार्डियन. तिनं लीगल गार्डियनवर टिचकी मारली, सही केली आणि माझ्या हातातून यंत्र घेऊन तिथंच वॉट्सवर लावलं. लावू दिलं मी. गणित माझं चुकलं होतं.

गाडीत शोभनानं पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. मला वाटलं, आता पेटणार. पण म्हणाली, "मला वाटलं तुमचं पोट बिघडलं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तो उंच माणूस कोण होता हो?" मी म्हटलं, सिक्युरिटीचा. तर म्हणते, "बरोबर समेवर येत होता. तुम्ही अर्धी मात्रा मागे होतात. तुम्ही नेहमीच असता." म्हणजे तिला माहीत होतं! चव्वेचाळीस वर्षं माहीत होतं. आणि तरी दुसऱ्या रांगेत डावीकडे बसा म्हणते.

आता तरी संपावं की नाही? नाही. आठवड्यानं राजीवना शाळेच्या कॉम्प्युटरचं पत्र आलं, हॉल पुन्हा हवा असेल तर संबंधित विद्यार्थ्यानं व्हेपिंगवरचा चार धड्यांचा ऑनलाइन कोर्स पुरा करावा. राजीव म्हणाले, शेखर, गणपतीला हॉल हवाय, बस बाबा तू. बसलो. कार्टूनमधलं एक फुप्फुस गॉगल लावून शिकवतं. शेवटच्या चाचणीत दहापैकी नऊ. चुकलेला एक प्रश्न होता, मित्र आग्रह करू लागले तर काय कराल. मी लिहिलं होतं, मित्र आता फार उरले नाहीत.

पण तुम्हाला सांगतो, यंत्र वॉट्सवर गेलं आणि खरंच डोकं शांत झालं. मापायला काही उरलं नाही, वही बंद, मल्टिमीटर खोक्यात. काही न करता नुसतं ओढायचं म्हणजे कंटाळवाणं काम आहे हो. बारा मिलिग्रॅमवरचं निकोटिन तीनवर आलंय, मे संपेपर्यंत शून्य. उर्वी परवा येऊन माझ्या खांद्याचा वास घेऊन गेली आणि म्हणाली, पास.

आणि काल पोस्टानं सर्टिफिकेट आलं. जाड कागद, सोनेरी किनार, शाळेचा शिक्का, त्यावर माझं पूर्ण नाव, स्पेलिंगसुद्धा बरोबर. शोभनानं ते फ्रिजवर लावलं. खाली लिहिलंय, 'अभिनंदन, फ्यूचर लीडर. तुझं सगळं आयुष्य अजून तुझ्यापुढे आहे.' डावा गुडघा बदलायला झालाय, मोतीबिंदूची तारीख लागलीये, आणि मी फ्यूचर लीडर. शोभना म्हणाली, कळवा त्यांना, चूक झालीये. मी म्हटलं, राहू दे. ह्या वयात कुणी एवढी आशा ठेवतंय, तर आपण कशाला दुरुस्त करा.